उंबरझरचा लाल किडा

रत्नागिरीच्या बंदरात आम्हाला धक्क्यावरून नेणारा पडाव आगबोटीला लागला तेव्हा बाबांनी एकच सांगितलं, "गावाचा नाव राखून ऱ्हव." आई धक्क्यावरच राहिली होती, पदर तोंडाला लावून. मी मुंबईला शिकलो आणि नोकरीसाठी तिथून कलकत्त्याला गेलो. गावाचं नाव मी राखलं की घालवलं, यावर उंबरझरात अजून वाद चालू आहे.

गावकऱ्यांनो, तुमच्यातले निम्मे मुंबईच्या गिरण्यांत गेले, मी किड्यांत गेलो. संग्रहालयात बसून गोड्या पाण्यातले बारीक जीव पाहायचे, त्यांची चित्रं काढायची, कुणीच न नोंदलेला निघाला तर त्याचं वर्णन छापायचं. याचा पगार मिळतो हे आईला अजून खरं वाटत नाही.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात घरी आलो, आणि देवळाखालच्या झऱ्यात मला तो दिसला. कोळ्याच्या कुळातला, आठ पायांचा, मोहरीच्या दाण्याहून लहान, लालभडक. स्पिरिटमध्ये घातला की रंग उडतो, म्हणून पडवीत सूक्ष्मदर्शक मांडून तो जिवंत असतानाच रंगवला. जगात तो कुणीच नोंदलेला नव्हता. छापताना संग्रहालयाचा साहेब म्हणाला, ठिकाण म्हणून "रत्नागिरी जिल्हा" एवढं पुरे. मी अडून बसलो. शेवटी छापलं गेलं: उंबरझर, देवळाखालचा झरा. आनंदाच्या भरात एक प्रत मी शाळेतल्या गुरुजींना पाठवली आणि तिथेच फसलो.

गुरुजींनी ती पारावर मराठीत समजावून सांगितली. शेजारच्या गावचे तुम्हाला "किडक्या पाण्याचे" म्हणू लागले, गिरणीतसुद्धा थट्टा झाली. मग गुरुजींच्या हातचं बाबांचं पत्र आलं, बाबा बोलले ते जसंच्या तसं लिहिलेलं: "बदनाम कराया दुसरा गाव नाय गावला तुला? नाव काडून टाक. नायतर शिमग्याला येव नको."

मी नाव काढलं नाही. दोन शिमगे गेले, पालखी माझ्यावाचून नाचली. फार लागलं मला ते, खोटं कशाला सांगू? पण माझं काय चुकलं? असले जीव घाणीत टिकत नाहीत. इथे कलकत्त्यात ज्या तळ्यांत म्हशी आणि साबण एकत्र नांदतात, तिथे मी गुडघाभर चिखलात शोधलंय, एक मिळाला नाही. तुमच्या झऱ्यात तो आहे, कारण पाणी चांगलं आहे. लाज वाटायचीच असेल तर तो दिसेनासा होईल त्या दिवशी वाटू द्या.

घर कुठे असं इथे कुणी विचारलं की पूर्वी मी आमच्या अंगणाचं वर्णन करायचो. आता झरा सांगतो. तिथून मला कुणी काढू शकत नाही.

या मे महिन्यात मी येतोय, कुणी बोलावलं नसलं तरी. दार उघडलं नाहीत तर सूक्ष्मदर्शक घेऊन देवळाखाली बसेन. सगळ्यांनी यावं, डोळा लावावा. बाबा, पहिले तुम्ही. नंतर रागावलात तरी चालेल, पण आधी बघा.