फुडं चालू, मागं बंद

ईश्वरप्पाला विमान उडवता येत नव्हतं. पण सोलापूरच्या त्या विमानशाळेतून शिकून गेलेला एकही पायलट त्याचं वाक्य विसरला नसेल. तो तिथला मेकॅनिक. गाव अक्कलकोटकडचं, घरात कानडी, हँगरात मराठी. नवी पोरं आली की त्यांना तो खुर्चीत बसवायचा, पेट्रोलच्या दांड्यावर हात ठेवायला लावायचा आणि शंभरदा म्हणवून घ्यायचा, "फुडं चालू, मागं बंद." हवेत इंजिन खोकलं की आधी दांडा चालूकडं रेटायचा. तवा डोकं चालत न्हाय, नुसता हात चालतोय, असं त्याचं म्हणणं. आणि ते शंभर टक्के खरं होतं, हेच तर वाईट.

त्याची लेक शिवलीला हे वाक्य बोबड्या बोलात घोकत मोठी झाली आणि त्याच शाळेत पायलट व्हायला दाखल झाली. ईश्वरप्पा हँगरात येईल त्याला पेढा भरवत सुटला होता.

मग नवी विमानं आली. खुर्च्या, काटे, रंग, सगळं जुन्यासारखं. दांडा तेवढा उलटा: मागं चालू, पुढं बंद. ईश्वरप्पा तडक मालकांकडे, राजशेखर यांच्याकडे गेला.

"सायेब, दांडा बदलून घ्या. न्हायतर पोरास्नी नव्यानं शिकवा. हात चुकनार की हो!"

"दांडा बदलला तर विमान पुन्हा मंजुरीला जाईल, वर्ष जाईल. आणि शिकवायचं तर प्रत्येकाला दहा तास उडवायचं. परवडतं का ईश्वरप्पा? विमान बनवणाऱ्या कंपनीनंच लिहून दिलंय, जुनं येतं त्याला हे येतं. एक सूचना चिकटव."

त्यानं चिकटवली. लाल अक्षरांत, स्वतःच्या हातानं. शिवलीलाला दहादा बजावलं. ती हसून म्हणाली, "अप्पा, कळलंय की!"

डोक्याला कळलं होतं. मार्चमधल्या एका सकाळी ती एकटीच उडाली. उतरताना इंजिन खोकलं. खोकणं किरकोळ होतं, दांड्याला हात लावला नसता तरी ते सावरलं असतं. हँगरातल्या रेडिओवर तिचा आवाज आला, "फुडं चालू..."

"मागं! मागं ओढ गं!" ईश्वरप्पा ओरडला. तो रेडिओ नुसता ऐकायचा होता.

लेकीला माती दिली. चौकशीचा कागद आला: शिकाऊ वैमानिकाची चूक, प्रशिक्षण वाढवावं. दांड्याबद्दल अवाक्षर नाही. राजशेखरांनी आता शिकवणीचे तास मंजूर केले आणि दांड्याची सवय लावायचं काम ईश्वरप्पाकडेच दिलं. त्याच्याइतकं पक्कं कोण घोकून घेणार!

नवी सात पोरं विमानाभोवती उभी राहिली. ईश्वरप्पानं त्या उलट्या दांड्यावर हात ठेवला. नवं वाक्य तो घरून पाठ करून आला होता.

"म्हना," तो म्हणाला, "फुडं चालू, मागं बंद."

सातही पोरं एका सुरात म्हणाली.