कागदात गुंडाळलेलं मलम

गल्लीच्या तोंडावर औषधांचं दुकान होतं आणि त्यात बसणाऱ्या माणसाला सगळे गुपचूपराव म्हणत. नाव थट्टेने पडलं होतं, पण त्यांनी ते बिल्ल्यासारखं मिरवलं, कारण त्यांचा धंदाच त्यावर चालायचा. मूळव्याधीचं मलम घ्यायला आलेला माणूस आधी खोकल्याची गोळी मागतो, मग हवापाण्यावर बोलतो, मग बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत टूथपेस्टची खोकी न्याहाळत उभा राहतो. गुपचूपराव अशा माणसाला लांबूनच हेरायचे. नळी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायची, पुडी हातात ठेवायची आणि नजर वर पंख्याकडे लावायची. कुणाला, कधीपासून, किती, असलं काही विचारायचं नाही. समोरचं दुकान मोठं होतं, पण तिथली मुलगी मलमाचं नाव घेऊन आतल्या खोलीकडे ठणाणा ओरडायची. लाजाळू माणसं तिथे कशाला मरायला जातील?

भावोजी त्या लाजाळूंतलेच, हे ऐकून कुणाचा विश्वास बसला नसता. गुपचूपरावांच्या ताईचे यजमान, ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. जन्म शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून गेला. त्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो दाबून दाबून त्यांच्या गुडघ्याचं वाटोळं झालं होतं, तोंड तेवढं शाबूत होतं.

"काय मेव्हणे, बहिणीच्या नवऱ्याला ओळखता ना?" असं म्हणतच ते दुकानात शिरायचे.

ते तीन औषधं न्यायचे. हृदयाचं दुखणं झाल्यापासूनची रक्त पातळ करणारी गोळी, ती ताईला माहीत होती. गुडघ्यासाठी दुखीवरची गोळी. तिला डॉक्टरची चिठ्ठी नव्हती, घरचा माणूस म्हणून मिळायची. आणि शौचाला रक्त पडतं म्हणून मलम.

"ही दोन तुझ्या ताईच्या कानावर घालू नकोस हं. धरून डॉक्टरकडे नेईल मला."

"मी कशाला बोलतोय," गुपचूपराव म्हणायचे आणि पंख्याकडे बघायचे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ती दुखीवरची गोळी रोज घेऊ नये, रक्तस्राव होऊ शकतो, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. परक्याला त्यांनी सांगितलंही असतं. पण भावोजींशी रक्ताचा विषय काढायचा म्हणजे मलमापर्यंत यावं लागणार, आणि तिथे त्यांची जीभ रेटायची नाही. मलम हल्ली लवकर संपत होतं. भावोजींचा चेहरा उतरला होता, दुकानाची पायरी चढताना दम लागत होता. गुपचूपरावांना सगळं दिसत होतं आणि ते पंखा बघत होते. थंडीचे दिवस, पंखा बंदच असायचा.

एका सकाळी ताईचा फोन आला. भावोजी संडासात घेरी येऊन पडले होते आणि फरशीवर रक्तच रक्त होतं. गुपचूपराव दुकान तसंच टाकून हॉस्पिटलात धावले.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होती, पण शांत. भावोजींचं वय, नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, बोटाने केलेली तपासणी, एकेकाचे गुण मांडून ती धोक्याचा अंदाज घेत होती. माणसाला ठेवून घ्यायचं की घरी सोडायचं, हे त्यावर ठरणार होतं.

"अगदी काठावर आहे," ती ताईला म्हणाली. "रक्त सध्या थांबलंय आणि हे घरी जायचं म्हणतायत. याआधी कधी रक्त पडलं होतं?"

"छे हो, पहिलीच वेळ," भावोजी खाटेवरून म्हणाले.

"हृदयाच्या गोळीशिवाय आणखी काही चालू आहे? दुखण्याबिखण्याची गोळी?"

"काही नाही," ताई म्हणाली. "असती तर ह्यानेच दिली असती ना." आणि तिने भावाकडे बोट दाखवलं.

भावोजींनी गुपचूपरावांकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवली. गुपचूपरावांनी सवयीने वर बघितलं. वर पंखा नव्हता, कोरं छत होतं.

"मी देतोय," ते म्हणाले. "दुखीवरची गोळी. रोज घेतात. आणि रक्त कित्येक महिने पडतंय. मलम माझ्याकडूनच नेतात."

डॉक्टरीणबाईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "मग घरी नाही पाठवायचं," ती म्हणाली आणि सिस्टरला रक्ताची सोय करायला सांगितलं.

"तुला माहीत होतं?" ताईने विचारलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाटेच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

दुपारी वॉर्डात पुन्हा रक्त सुटलं, सकाळपेक्षा कितीतरी जास्त. भावोजी पांढरेफटक पडले, हाकेला ओ देईनात. रक्त चढवलं, दुर्बीण घातली. मूळव्याध नव्हतीच. मोठ्या आतड्याच्या भिंतीला आलेल्या एका फुगवट्यातून रक्त येत होतं. तिथे आतूनच चिमटा लावून ते थांबवलं.

"घरी असते तर हाती लागले नसते," डॉक्टरीणबाई म्हणाली. "बरं झालं तुम्ही बोललात."

ते 'बरं झालं' गुपचूपरावांच्या जिव्हारी लागलं. आज एकदा बोलण्याची शाबासकी मिळत होती. रोज पुडी बांधल्याचा जाब कुणीच विचारत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भावोजी उशीला टेकून बसले होते. गुपचूपराव पायथ्याशी उभे राहिले.

"चुकलो, भावोजी. हवं ते बोला मला."

"अरे, लपवलं मी आणि बोलू तुला?" भावोजी हसले. आवाज अजून खोल होता. "खरं सांगू? मनातून मी टरकलो होतो. दुकानाची पायरी चढताना दर वेळी वाटायचं, आज हा विचारणार. तू पुडी बांधून वर बघायला लागलास, की माझा जीव भांड्यात पडायचा. म्हटलं, औषधांतला माणूस शेजारी बसलाय. काही असतं तर त्याने ब्रेक दाबला असता."

त्यात टोमणा नव्हता. ते मनापासून सांगत होते.

ताईने पेल्यात पाणी ओतून नवऱ्याच्या हातात दिलं. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. ती भावाला बस म्हणाली नाही आणि गुपचूपरावही उभेच राहिले.