पिवळ्या पट्टीच्या अलीकडे

टीव्हीच्या दुकानात, दुसऱ्या मजल्यावर, मोठ्या पडद्यासमोर दिवसभर हवेत हातपाय मारणारी बाई म्हणजे डेमोताई. पडद्याच्या माथ्यावर कॅमेरा बसवलेला. आपण हललो की आतला माणूस हलतो, असा तो खेळ. जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवलेली, तिच्यापुढे गेलं की कॅमेऱ्याला माणूस दिसेनासा होतो आणि खेळ थांबतो. "ताई, पट्टीच्या अलीकडे," हे ती दिवसातून शंभरदा सांगायची.

खेळाच्या कंपनीने तिला पढवून पाठवलं होतं. बायका आल्या की नाचाचा खेळ लावायचा, कंबर बारीक होते म्हणायचं. खेळाची खोकीसुद्धा गुलाबी, वर नाचणाऱ्या बाईचं चित्र. बायका बघायच्या, नाक मुरडायच्या आणि मिक्सरकडे वळायच्या. घरी कंबर मोडेस्तोवर राबणाऱ्या बाईला वर नाचायला सांगणाऱ्या त्या शहाण्यांना काय म्हणावं! शेवटी मॅनेजरने बजावलं, "महिनाअखेर खोकी हलली नाहीत, तर काउंटर बंद."

काउंटर बंद म्हणजे दिवसभर घरात, नवऱ्याच्या तावडीत. तो मारायचा. मीठ जास्त म्हणून, कमी म्हणून, आणि बरोबर असलं तर वर तोंड करून बघितलंस म्हणून. बाहीखाली झाकेल तिथेच मारायचा, एवढी अक्कल मेल्याला होती. एक तारखेला मैत्रिणीशेजारची खोली रिकामी होणार होती. तोवर नोकरी टिकली की ती सुटणार होती.

एकदा सकाळचा मार अंगात ठणकत असताना तिच्या हातून भलतंच बटण दाबलं गेलं. नाचाऐवजी बॉक्सिंग लागलं. लाल चड्डीतला एक दांडगा पडद्यावर उभा. समोर पन्नाशीची एक मास्तरीण होती. तिने पिशवी खाली ठेवली आणि असा ठोसा हाणला की दांडग्याची मान मागे गेली.

"घे! माझ्या आईचे दागिने विकतोस? घे अजून!"

घामाघूम झाली, रडली, हसली आणि खोकं काखेत मारून गेली.

तेव्हापासून डेमोताईने नाच लावलाच नाही. "नाक फोडा ताई, बरगडीत घाला, सोडू नका!" नर्सबाई आल्या, शिंपीणबाई आल्या, सासू-सून जोडीने आल्या. दातओठ खात त्या दांडग्याला लोळवायच्या. तोंडातून अशा शिव्या की मॅनेजरने कानावर हात ठेवले. खोकी मात्र धडाधड खपली.

नवऱ्याच्या कानावर गेलंच. "चार लोकांत हातवारे करतेस?" म्हणत त्याने तिचा उजवा हात दारात धरला आणि दार लोटलं. बोटं काळीनिळी पडली. दुसऱ्या दिवशी ती डाव्या हाताने ठोसे दाखवत होती.

मग एक तारखेला तो स्वतःच दुकानात आला. भर दुपारी, रांगेतल्या बायकांदेखत त्याने तिचा अंबाडा धरला. "चल घरी."

तिने हिसडा मारून केस सोडवले. डावी मूठ सुटली आणि त्याच्या नाकापासून वीतभर अलीकडे थांबली. पाच महिने ती हवेतच हातपाय मारत आली होती. हात लांब करायचा आणि मागे घ्यायचा, एवढंच त्या हाताला ठाऊक. मागे पडद्यावरचा दांडगा तेवढा आडवा झाला. नवरा खो-खो हसला आणि त्याने तिच्या कानाखाली जाळ काढला.

ती पट्टीवर पडली, उठली आणि पट्टी ओलांडून पुढे गेली. पडद्यावरचा खेळ थांबला.

या वेळी मूठ थांबली नाही. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज रांगेच्या टोकापर्यंत गेला. तो वाकला तशी तिने बरगडीत घातली, मग जबड्यावर. उजव्या, सुजलेल्या हातानेसुद्धा. ती कळवळून ओरडत होती आणि मारत होती. तो गुलाबी खोक्यांवर कोसळला आणि रक्ताचे शिंतोडे त्या नाचणाऱ्या बाईच्या चित्रावर उडाले. मग भिंत धरून, नाक दाबून तो जिन्याने उतरला. एकदाही वळून बघितलं नाही.

"तू घरी जा," मॅनेजर कसाबसा म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस."

"येत नाही," ती म्हणाली. दोन्ही हात आगीसारखे पेटले होते. हवेत मारून कधी इतके दुखले नव्हते.

रांगेत सगळ्यात मागे एक पोरसवदा बाई उभी होती, उकाड्यातही पुऱ्या बाह्यांचा ब्लाउज घातलेली. तिने खोकं पुढे केलं. "ताई, हे घेतलं की असं मारता येतं?"

पाच महिन्यांत डेमोताईने गिऱ्हाइकाला पहिल्यांदा खरं सांगितलं.

"नाही गं. ते ठेव खाली. चल माझ्याबरोबर, खोली दोघींना पुरेल."