चार चमचे

परवा मी एका यंत्राकरवी जेवणाचा आग्रह केला. घमापुरातल्या आमच्या शेजाऱ्यांचे हातपाय मानेच्या दुखण्यानं गेलेत. मुलानं त्यांच्यासाठी भरवणारा यांत्रिक हात आणलाय. गालाजवळचं बटण दाबलं की तो वाटीतून चमचा भरून तोंडाशी नेतो. प्रत्येक घासाआधी ते त्याला "चलो भैया" म्हणतात, गिळल्यावर "शाबास". फॅक्टरीत हाताखालच्या माणसांशीही ते असंच बोलत.

चार चमच्यांनंतर ते थांबले. वाटी अर्धी उरलेली. मला वाटलं, बटण अडकलं. "अजून थोडं घ्या की," म्हणत मीच ते दाबलं. त्यांनी तोंड फिरवलं आणि वरणभात त्यांच्या छातीवर सांडला.

"मले जावई समजून राहिले का तुम्ही?" ते हसले. वहिनी फडकं आणायला आत गेल्या, तसा त्यांचा आवाज उतरला. "भरवाचं काम मशीन करते. त्याच्यानंतरचं, संडासपाण्याचं सगळं हिलाच करा लागते, अन् हिची कंबर गेली आहे. म्हणून चारच."

मी रुमालानं शर्ट पुसू लागलो, तर हाताला नुसत्या बरगड्या लागल्या.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं आणि वर शहाणपणानं बजावलं, "वहिनींना कळता कामा नये हं."

पोळी लाटता लाटता ती म्हणाली, "त्यांना केव्हाचं माहीत आहे. नाहीतर तेवढ्याशा भातावर वाटीभर तूप काहून ओतून राहिल्या असत्या त्या?"