दोन्ही हात वर

जुनैदला प्रवासी गाड्यांत रस नव्हता. "त्यात माणसं असतात. ती आपल्याकडेच बघत बसतात," असं तो म्हणायचा. त्याला मालगाड्या आवडत. कोळशाच्या, सिमेंटच्या, कांद्याच्या. पाचोऱ्यात वडिलांच्या गादीच्या दुकानात तो कापूस पिंजायचा. शुक्रवारी नमाजानंतर दुकान बंद असे. मग भुवयांवरचा कापूस झटकून, जुना कॅमेरा गळ्यात अडकवून तो रुळांकडे निघायचा.

यंदा त्याची रेल्वेत सहायक लोको पायलट म्हणून निवड झाली. परीक्षा झाली, डोळे तपासून झाले. पोलीस पडताळणी तेवढी राहिली होती. त्याचे वडील खाजाभाई उशी भरून न्यायला आलेल्या माणसालाही सांगत, "आमचा पोरगा आता इंजिन चालवणार."

त्या शुक्रवारी मीही सोबत होतो. गावाबाहेर रूळ वळतात तिथे, शेताच्या बांधावर आम्ही बसलो. पलीकडे भागाबाई शेळ्या चारत होती. मी पेरू खात होतो.

"नीलेशभाऊ, एम. ए. झालास. एखादी कविता कर मालगाडीवर," जुनैद मला म्हणाला.

"तुझी गाडी यायला एवढा वेळ लावते की कादंबरी होईल."

तो हसला. तेवढ्यात कोळशाची गाडी आली. त्याने इंजिन टिपलं, पुढचे काही डबे टिपले. मग एकदम कॅमेरा सोडला. तो गळ्यात लोंबत राहिला.

"चाक बघ. लाल झालंय. ब्रेक चिकटलाय."

मी मान वळवेपर्यंत तो डबा पुढे गेला होता.

जुनैद उभा राहिला. दोन्ही हात त्याने डोक्यावर सरळ ताठ केले. रेल्वेत याचा एकच अर्थ होतो. धोका, गाडी थांबवा. शेवटच्या डब्याच्या दारात गार्ड हिरवी झेंडी धरून उभा होता. त्याने जुनैदला पाहिलं. झेंडी आत गेली. चाकं किंचाळली आणि बऱ्याच अंतरावर जाऊन गाडी थांबली.

"चल, निघू," मी म्हणालो.

"इशारा देणाऱ्याने जागा सोडायची नसते."

गार्ड घामाघूम होऊन आला. जुनैदने साधारण कितवा डबा ते सांगितलं. आम्ही गाडीच्या कडेने चालत गेलो. सगळ्याच चाकांतून धूर निघत होता. जळका वास सगळीकडे सारखाच होता.

"पोरा, आता मी ब्रेक मारलाय," गार्ड म्हणाला. "सगळीच चाकं तापणार. तुझं कोणतं, कसं ओळखू? फोटो आहे?"

कॅमेऱ्यात इंजिन होतं. पुढचे डबे होते. ते चाक नव्हतं. तेव्हा त्याचे हात वर होते.

गार्डने भागाबाईला हाक मारून विचारलं. "मन्हं ध्यान शेयासकडे व्हतं भाऊ," ती म्हणाली. "मी काहीच दखं नही." आणि तिने शेळ्या पलीकडे हाकल्या.

गाडी पुढे गेली. पुढे तिचं काय झालं, आम्हाला कधी कळलं नाही.

गार्डने कळवलं असावं. रेल्वे पोलिसांचे वर्दीतले दोघे येऊन आम्हाला चौकीत घेऊन गेले. तिथला अधिकारी वयस्कर होता. बोलायला चांगला. त्याने खाजाभाईंना बोलावून घेतलं, आम्हाला पाणी दिलं.

"पडताळणी बाकी आहे ना तुझी?" तो जुनैदला म्हणाला. "मग केस कशाला मागे लावून घेतोस? लिही, मित्राबरोबर मजेत हात वर केले, चूक झाली. समज देऊन सोडतो."

"मजेत नव्हते केले, साहेब."

"चाक आणखी कोणी पाहिलं?"

जुनैदने माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नव्हतं. तसंच सांगितलं.

खाजाभाईंनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "लिख दे बेटा. साहब अपने भले की बोल रहे. घर चल."

जुनैदने लिहिलं. त्याचं अक्षर सुंदर आहे. अधिकाऱ्याने कागद वाचला, ठेवून घेतला आणि आम्हाला सोडलं. केस झाली नाही. खाजाभाईंनी वाटेत जिलेबी घेतली.

पडताळणीत तो कागद निघाला. उमेदवाराने मजेखातर चालती मालगाडी थांबवली, आणि तसं स्वतः लिहून दिलं. निवड रद्द झाली. अर्ज केले, जळगावला खेटे घातले. सगळीकडे त्यालाच तो कागद वाचून दाखवायला लावत, मग एकच प्रश्न. सही तुमचीच ना?

तो अधिकारी एकदा दुकानात आला. "असं होईल वाटलं नव्हतं, खाजाभाई," म्हणाला. खाजाभाईंनी त्याला चहा पाजला. जुनैदने पिंजायचं यंत्र बंद केलं नाही.

काल मी दुकानात गेलो होतो. जुनैद गादीला टाके घालत होता. मान वर न करता म्हणाला, "नीलेश, ते वाक्य मी इतक्यांदा वाचून दाखवलंय की ते चाक आता नीट आठवत नाही. कधीकधी वाटतं, मजेतच केले असतील."

त्याने दोरा दातांनी तोडला आणि गादी उलटी केली.