कोटेशनकाकांचं वॉशिंग मशीन

कोटेशनकाकांनी उभा जन्म कारखान्याच्या खरेदी विभागात काढला. तिथला नियम असा, की खिळा घ्यायचा असला तरी आधी तीन दुकानांतून लेखी भाव मागवायचे आणि मगच खिळ्याला हात लावायचा. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, नियम काही सुटला नाही. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

काकूंना वॉशिंग मशीन हवं होतं. चादरी पिळून पिळून त्यांची मनगटं सुजायला लागली होती. ‘‘एवढंच ना? आणू की!’’ काका म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. बायकोवर त्यांचा जीव होता. म्हणून तिच्यासाठी आणायचं ते सर्वांत चांगलंच, असं त्यांनी ठरवलं. सगळा घोळ झाला तो तिथेच.

पहिल्या दुकानातला विक्रेता म्हणाला, कपडे वरून टाकायचं मशीन घ्या, डोळे झाकून घ्या. दुसऱ्या दुकानातला म्हणाला, वरून टाकलेत तर कपड्यांचा सत्यानाश, दार समोरच हवं. तिसऱ्याने फोनशी बोलणारं मशीन दाखवलं.

‘‘काय बोलतं?’’ काकांनी विचारलं.

‘‘कपडे धुऊन झाले, असं सांगतं.’’

‘‘ते आमच्याकडे हीसुद्धा सांगते.’’

तिसऱ्याचा भाव हातात पडेपर्यंत पहिल्याचं मॉडेल बंद झालेलं असायचं. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. या फेऱ्यांत काका एवढे तयार झाले, की आळीतली माणसं त्यांना विचारल्याशिवाय मशीन घेईनात. खालच्या मजल्यावर काकांच्या सल्ल्याने मशीन आलं, समोरच्यांकडे आलं, एवढंच काय, इस्त्रीवाल्यानेही घेतलं. काकांच्या न्हाणीघरात मात्र बादली आणि काकू. दिव्याखाली अंधार असतो, पण इतका?

शेवटी एकदा काकूच सोबत निघाल्या. त्या दिवशी नशीब जोरावर होतं. तिन्ही दुकानांत एकच मॉडेल शिल्लक होतं आणि भावही कालचाच होता.

‘‘काका, ऑफरचा आज शेवटचा दिवस,’’ तिसऱ्या दुकानातला टायवाला विक्रेता म्हणाला.

‘‘मागच्या वेळीही शेवटचाच होता,’’ काका म्हणाले, पण पाकीट बाहेर आलं. काकूंचा श्वास मोकळा झाला. तेवढ्यात काकांनी विचारलं, ‘‘यात नवीन काही येतंय का?’’

‘‘येतंय ना! पुढच्या महिन्यात. त्याला एक बटण जास्त आहे.’’

‘‘कशाचं?’’

‘‘ते कंपनीने अजून कळवलं नाही.’’

पाकीट परत खिशात गेलं. ‘‘चल गं. महिन्याचाच तर प्रश्न आहे.’’

काकू दुकानातल्या स्टुलावर बसल्या होत्या, त्या हलल्या नाहीत. ‘‘तुम्ही व्हा पुढे,’’ त्या म्हणाल्या आणि विक्रेत्याकडे वळल्या. ‘‘दादा, हेच द्या.’’

‘‘रंग कुठला देऊ, काकू?’’

‘‘जो आज घरी पोचेल तो.’’

विक्रेत्याने टुणकन उडी मारून पावती फाडली आणि सहीसाठी पेन पुढे केलं. काका कपाळाला आठ्या घालून उभे होते. बायकोने चारचौघांत आपलं ऐकलं नाही, याचा त्यांना राग आला होता. काकूंच्या हातातून पेन निसटलं. त्यांनी ते उचललं, पुन्हा निसटलं.

‘‘अगं, घाबरतेस कशाला? सहीच तर करायची आहे.’’

‘‘घाबरत नाहीये. तुम्हीच करा. माझी बोटं मिटत नाहीत हो.’’

‘‘मिटत नाहीत? कधीपासून? बोलली का नाहीस?’’

‘‘बोलले होते,’’ काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. ‘‘तुम्ही तेव्हा दार वरून चांगलं की समोरून, ते मला समजावून सांगत होतात.’’

काकांनी पेन घेतलं आणि पावतीवरचा आकडाही न बघता सही केली. लाजेने त्यांना मान वर करवेना.