मुठा खोऱ्याचा पिवळा नकाशा

मुठा खोऱ्यातल्या जमिनींचे भाव एकदा नऊ दिवसांसाठी वाढले होते. त्याला मेट्रो, रिंगरोड किंवा आयटीवाले जबाबदार नव्हते. मी होतो.

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. पौडजवळच्या एका शाळेत बत्तीस वर्षं मुलांना रंग मिसळायला शिकवले. आता सूसला एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहतो. एका एप्रिलमध्ये आमच्या सेक्रेटरींनी शैलाला, म्हणजे माझ्या बायकोला, गच्चीवरच्या कुरडया उचलायला लावल्या. पाठोपाठ लिफ्टमध्ये नोटीस लागली, 'सामाईक जागेत खाद्यपदार्थ वाळत घालू नयेत.' (आमच्या इमारतीत कुरडया फक्त शैलाच करते, त्यामुळे नाव लिहायची गरज पडली नाही.) ओल्या कुरडयांची परात घेऊन ती खाली आली आणि म्हणाली, "मला माझी गच्ची पाहिजे. खालचं घर कसंही असलं तरी चालेल."

लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण इतकी मोठी वस्तू तिनं माझ्याकडे कधी मागितली नव्हती. फ्लॅट विकायचा आणि मुळशीत कुठंतरी छोटं घर बांधायचं असं आम्ही ठरवलं. तिनं त्याच संध्याकाळी एका पाकिटाच्या मागे गच्चीचा आराखडा काढला. कुरडया इथं, पापड तिथं, सांडगे कोपऱ्यात. ते पाकीट ती पर्समध्ये घेऊन फिरू लागली.

मुठा गावात माझा एक जुना विद्यार्थी आहे, दत्ता. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसायचा, एवढंच मला आठवत होतं. (त्याला माझ्याबद्दल बरंच जास्त आठवत होतं, हे पुढे कळलं.) त्याला अकरा गुंठे विकायचे होते. जमीन झकास, समोर डोंगर, कडेला जांभळाचं झाड. शैलानं उभ्या उभ्या ऊन कुठून येतं ते बघून घेतलं.

"सर, आदीच सांगतो," दत्ता म्हणाला. "जमीन हिरव्यात हाय."

"हिरवीगार आहे हे दिसतंय मला."

"तसं न्हाई. सरकारी नकाशात हिरवा रंग म्हंजी शेतीचा झोन. हितं तुमाला पायजे तसा बंगला न्हाई व्हायचा. घराची जागा म्हंजी पिवळा झोन. म्हणून तर भाव कमी हाय, गुंठ्याला तीन लाख. आन तुमच्या नावावर शेती हाय का? न्हाईतर घेताबी येणार न्हाई."

"आहे," मी म्हणालो. (गावाकडे दोन एकर आहे. शेवटचा गेलो तेव्हा आपलं शेत कोणतं हे भावाला विचारावं लागलं होतं.)

आता रंगाच्या बाबतीत दत्तानं मला शिकवावं, हे काही मला पटेना. भाचीला फोन केला. तिनं सरकारी साइटवरून तालुक्याचा झोन नकाशा शोधून पाठवला. माझ्या फोनमध्ये तो उघडेना, म्हणून तसाच सूसच्या झेरॉक्सवाल्याला पाठवला आणि भला मोठा रंगीत प्रिंट काढून आणला. घरी जमिनीवर पसरून बघतो, तर काय, सगळा तालुका पिवळा! दत्ताची जमीन पिवळी, शेजारची पिवळी, डोंगर पिवळे, जंगलसुद्धा पिवळं. सरकारनं इतका विकास मंजूर केला आणि कुणाला पत्ता नाही, याचं मला कौतुक वाटलं.

"अहो, पण धरण कुठं गेलं?" शैलानं विचारलं. धरणाच्या जागी पांढराफेक भाग होता.

"उन्हाळ्यातला नकाशा असेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी तो नकाशा गावातल्या हॉटेलच्या बाकड्यावर उलगडला आणि पट्टीनं दत्ताला त्याची जमीन दाखवली. भोवती पंधरा-वीस माणसं जमली. दत्तानं नकाशा बघितला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा नकाशा बघितला.

"सर, मला वाटतंय कायतरी चुकतंय."

"दत्ता, रंग मला शिकवू नकोस. पिवळा आहे की नाही?"

"पिवळा तर हाय."

"मग पिवळ्या झोनचा भाव काय चालतो?"

"पाच."

"मग तू तीन का सांगतोस? शिक्षकानं विद्यार्थ्याच्या अज्ञानाचा फायदा घ्यायचा? मी पाचच देणार."

शैलानं माझ्या दंडाला जो चिमटा काढला, त्याची खूण आठवडाभर होती. जमीन विकत घेताना भाव वाढवून मागणारा मुळशी तालुक्यातला मी पहिलाच माणूस असेन. दत्ता "सर म्हणत्यात तर आसंल" एवढंच बोलला. मी विसार दिला आणि जड अंतःकरणानं नव्हे, तर चांगलं काम केल्याच्या आनंदात दोन वडापाव जास्त खाल्ले.

तेवढ्या वेळात नकाशाचे फोटो काढून झाले होते. तिसऱ्या दिवशी रस्त्याकडेला बोर्ड लागला, 'पिवळा झोन! शेवटचे काही प्लॉट!' चौथ्या दिवशी हॉटेलवाल्यानं हॉटेल भावाकडे देऊन जमिनीची एजंटगिरी सुरू केली. सहाव्या दिवशी मलाच एका एजंटाचा फोन आला.

"काका, मुठ्याला एक नंबर प्लॉट आहे. साडेसहा. झोनची शंभर टक्के गॅरंटी."

"गॅरंटी कशावरून?"

"एका रिटायर सरांनी स्वतः नकाशा काढलाय. लई हुशार माणूस."

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की संध्याकाळी मी तो नकाशा आमच्या सेक्रेटरींना दाखवला. ते म्हणाले, "छान. तुमच्या शेजारचा प्लॉट मी घेतो. तिथंही काही नियम लागतीलच." शैला त्या रात्री माझ्याशी बोलली नाही.

नवव्या दिवशी झोनचा अधिकृत दाखला घ्यायला आम्ही तिघं पुण्याच्या कचेरीत गेलो. मी, शैला आणि दत्ता. खिडकीजवळच्या टेबलावरच्या मॅडमनी दाखला पुढे केला. त्यावर 'शेती विभाग' असं लिहिलं होतं.

"तुमची माहिती जुनी दिसते," मी म्हणालो आणि त्यांच्या टेबलावर माझा नकाशा पसरला.

मॅडमनी तो बघितला. मग शेजारच्या दोघांना बोलावून दाखवला.

"काका, यात मुळशी धरण कुठंय?"

"हा पांढरा भाग."

"आणि पाणी?"

"उन्हाळ्यातला नकाशा आहे."

"मुठा नदी?"

"तीही आटते हो."

"जंगलपण निवासी दिसतंय. बिबट्यांची सोसायटी होणार का?"

त्यांनी भिंतीवरच्या मूळ नकाशाकडे बोट दाखवलं. तिथं धरण निळं होतं, नदी निळी होती आणि दत्ताची जमीन हिरवीगार होती.

"तुम्ही प्रिंट काढला त्या मशीनमधली निळी शाई संपली असणार," मॅडम समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "हिरव्यातला निळा गेला, की मागे पिवळाच राहतो."

पिवळ्यात निळा घातला की हिरवा होतो, हे मी बत्तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो. शैलानं पर्समधून ते पाकीट काढलं, एकदा बघितलं आणि परत ठेवलं. मला इतकी लाज वाटली की नकाशाची गुंडाळीसुद्धा धड होईना.

आम्ही बाहेर आलो. दत्ता हळू आवाजात म्हणाला, "सर, सातवीत चित्रात माझं झाड पिवळं झालं व्हतं. निळी वडी संपली व्हती. मी तसं सांगितलंबी व्हतं तुमाला."

"मग मी काय केलं होतं?"

"बाकावर उभं केलं व्हतं. तासभर."

व्हरांड्यात एक बाकडं होतं. शैलानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमचं वजन पेलेल का हो त्याला?" सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली होती.

दत्तानं दुसऱ्या दिवशी विसार परत आणून दिला. मी नको नको म्हणत होतो, शैलानं तो घेऊन कपाटात ठेवलासुद्धा. दहाव्या दिवशी भाव जागेवर आले. रस्त्यावरचा बोर्ड मात्र आहे, एजंटानं फक्त 'पिवळा' खोडून 'हिरवागार' केलंय. आम्ही अजून सूसलाच आहोत आणि नोटीस अजून लिफ्टमध्ये आहे.

पण शैलाला गच्ची मिळाली. जाताना दत्ता म्हणाला होता, "काकू, गावठाणात माझं घर हाय, वर गच्ची रिकामीच असती. तुमच्या कुरडया तितं घाला." आता दर एप्रिलमध्ये आम्ही चार दिवस मुठ्याला असतो. पाकिटावरचा आराखडा तिनं तिथं जसाच्या तसा उतरवलाय, सांडगे कोपऱ्यात.

कावळे हाकायचं काम माझ्याकडे आहे. सगळी गच्ची नीट दिसावी म्हणून दत्तानं वर एक बाक आणून ठेवलाय. आमच्या शाळेनं जुनं सामान विकायला काढलं, तेव्हा त्यानं तो हुडकून आणला. मी काठी घेऊन त्यावर उभा राहतो. बरोबर एक तास झाला, की खालून दत्ताची हाक येते, "बसा आता, सर."